दुधाचे वेळापत्रक

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातील एक छायाचित्र बहुतेक वर्तमानपत्रांत झळकले होते. आमच्या नाशिक जिल्ह्यातील देवळाली मतदारसंघाच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला कुशीत घेऊन विधानभवनात आल्या होत्या. बाळ अंगावर पिणारे, त्याला सोडून राहता येईना. आणि मतदारसंघाचे प्रश्न मांडायचे तर अधिवेशनाला हजर राहणेही भाग होते. पुढे २०२३ च्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात, मुंबईच्या विधानभवनातील हिरकणी कक्षात धूळ आहे, सोयी नाहीत, अशी तक्रार त्यांनी जाहीरपणे केली, तेव्हा या विषयाची पुन्हा चर्चा झाली.

बाळाला सोबत नेण्याची मुभा किती जणींना मिळते? शाळेच्या वर्गात बाळ नेता येत नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यात, दवाखान्याच्या वॉर्डात, बँकेच्या काउंटरवर नेता येत नाही. आई कामावर जाते आणि बाळ घरी दादीजवळ किंवा नानीजवळ राहते. मग बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर सून नोकरी सोडते, नाही तर बाळाचे अंगावरचे दूध सुटते आणि पावडरीचा डबा घरात येतो. घरातली मोठी माणसे म्हणतात, "दोन्ही कसे जमणार?"

तिसरा मार्ग आहे आणि तो आपल्या गावातल्या, आपल्या ऐपतीतल्या घरालाही जमण्यासारखा आहे. आईने कामाच्या ठिकाणी दूध काढायचे, स्वच्छ भांड्यात जपून ठेवायचे, आणि घरच्यांनी ते दुसऱ्या दिवशी बाळाला पाजायचे. भगिनींनो, ऐकायला हे सोपे वाटते. पण पहिल्या आठवड्यातच अनेक जणी हात टेकतात. याचे कारण दूध कमी असते असे नाही. वेळापत्रक नसते, आणि असलेच तर ते एकट्या आईच्या डोक्यात असते. आम्ही शिक्षकी पेशातले. दर जूनला वेळापत्रक बनवणे हे आमचे ठरलेले काम. एवढे आम्हाला नक्की ठाऊक आहे की जे वेळापत्रक भिंतीवर लागत नाही, ते कुणी पाळत नाही.

आधी हिशेब, मग पंप

दुधाचे गणित विहिरीसारखे आहे. उपसा चालू राहिला तर झरे वाहते राहतात. उपसा थांबला की झरे मंदावतात. छाती भरून राहिली की शरीर समजते, एवढ्या दुधाची गरज नाही, आणि दूध बनणे कमी होते. म्हणून कामावर गेलेल्या आईने सहा-सात तास दूध काढलेच नाही, तर चार दिवसांनी "दूध आटले" असे वाटू लागते. शिवाय दूध दाटून गाठ येते, छाती लाल होते, ताप भरतो. दूध काढणे जसे बाळाच्या पोटासाठी, तसेच ते आईच्या प्रकृतीसाठीही आवश्यक आहे.

आता किती दूध लागेल ते पाहू. एक ते सहा महिन्यांचे, केवळ अंगावर पिणारे बाळ दिवसभरात सरासरी ७५० मिलीच्या आसपास दूध पिते. कुणी कमी पिते, कुणी बरेच जास्त. यावरून सोपा अंदाज असा की आई जितके तास बाहेर, तितक्या तासांसाठी ताशी ३० ते ४५ मिली. सकाळ सत्राच्या शिक्षिका साडेसहाला निघून साडेबाराला घरी येत असतील, तर सहा तासांसाठी १८० ते २७० मिली. एका वेळी ६० ते ९० मिली, म्हणजे तीन वेळा पाजण्याएवढे. साठवणीचे दूध लिटरभर लागत नाही, हे एकदा कळले की निम्मी भीती जाते.

हा हिशेब रजा संपण्याच्या दोन ते तीन आठवडे आधी करावा. त्या दिवसांत पहाटे, बाळ एका बाजूला पिऊन झोपले की दुसऱ्या बाजूचे दूध काढून पाहावे. पहाटे बहुतेक जणींना दूध जास्त असते. पहिल्या दिवशी जेमतेम दोन चमचे निघतील. त्यावरून मन खट्टू करू नये. बाळ जेवढे ओढते तेवढे हाताने किंवा पंपाने निघत नाही. काढलेल्या दुधावरून अंगात किती दूध आहे हे मोजता येत नाही. आठ-दहा दिवसांत हात बसतो. याच दिवसांत बाळालाही दुसऱ्याच्या हातून दूध पिण्याची सवय लागते.

दिवसाची आखणी

शाळेचे वेळापत्रक लावताना आम्ही आधी न हलणाऱ्या गोष्टी लिहितो: प्रार्थना, मधली सुट्टी, शाळा सुटण्याची घंटा. दुधाचेही तसेच करावे. आधी बाळाला प्रत्यक्ष अंगावर पाजण्याच्या वेळा लिहाव्यात, मग दूध काढण्याच्या. सकाळ सत्राच्या शिक्षिकेचे एक वेळापत्रक असे होऊ शकते:

पहाटे ५.०० – फजरच्या सुमारास बाळाला अंगावर पाजणे.
६.१५ – निघण्यापूर्वी पुन्हा पाजणे, बाळ अर्धवट झोपेत असले तरी.
९.०० – शाळेत मधल्या सुट्टीत दूध काढणे, १५ ते २० मिनिटे.
११.१५ – मोकळ्या तासिकेत दुसऱ्यांदा दूध काढणे.
१२.३० – घरी येताच पाजणे.
त्यानंतर संध्याकाळ आणि रात्रभर, बाळ मागेल तेव्हा अंगावर.

दुपार सत्राच्या शिक्षिकेने घड्याळाचे काटे तेवढे पुढे सरकवावेत. पूर्ण दिवसाची नोकरी असेल, जाण्या-येण्यासह नऊ तास जात असतील, तर तीन वेळा दूध काढावे लागेल. नियम एकच: बाळ घरी जितक्या वेळा पिणार, साधारण तितक्या वेळा आईने काढावे, आणि दोन वेळांत तीन तासांहून फार अंतर पडू देऊ नये.

घरच्यांसाठीही एक सूचना आहे. आई घरी पोचण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी बाळाला वाटीभर दूध पाजू नये. बाळ रडले तर फिरवावे, खेळवावे, अगदीच राहवेना तर दोन-चार चमचे द्यावेत. आई भरल्या छातीने घरी आली आणि बाळ तृप्त होऊन झोपलेले असले, तर दोघांचाही दिवस बिघडतो. काही बाळे दिवसा थोडेसेच पितात आणि रात्री भरपाई करतात. हा बाळाचा हट्ट समजू नये. आई जवळ असते तेव्हा ते पोट भरून घेते. त्या दिवसांत आईला संध्याकाळी एक तास झोप मिळाली पाहिजे. भाकऱ्या दुसऱ्या कुणी थापल्या तरी चालतील.

काढणे, ठेवणे, पाजणे

दूध काढण्यासाठी पंप असलाच पाहिजे असे नाही. हाताने काढण्याला एक पैसाही लागत नाही आणि धुवायला सुटे भागही नसतात. हात साबणाने धुवावेत. अंगठा वर, बोटे खाली, स्तनाच्या काळसर भागाच्या कडेला इंग्रजी 'सी' सारखी पकड ठेवावी. आधी छातीच्या दिशेने मागे दाबावे, मग अंगठा आणि बोटे एकमेकांकडे दाबावीत, सोडावीत, पुन्हा दाबावीत. बोटे कातडीवर घासू नयेत, आणि दुखता कामा नये. दुखले तर पकड चुकते आहे. मिनिटभर काहीच येत नाही, मग पान्हा फुटतो. बाळाचा फोटो पाहिला, त्याचे दुपटे जवळ घेतले की पान्हा लवकर फुटतो, हा अनेकींचा अनुभव आहे. नर्सताई, आशाताई किंवा अंगणवाडी सेविका यांच्याकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घेतले तर उत्तम. हाताने चालणारा किंवा विजेचा पंप मेडिकलमध्ये मिळतो. ज्यांना रोज दोन-तीन वेळा काढायचे आहे त्यांचा त्याने वेळ वाचतो. मात्र दुधाला लागणारा त्याचा प्रत्येक भाग दर वेळी धुवायला हवा.

भांडे काचेचे किंवा स्टीलचे, घट्ट झाकणाचे, उकळून घेतलेले असावे. त्यावर तारीख आणि वेळ लिहिलेली पट्टी चिकटवावी. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ४ तास टिकते. नाशिकची हवा थंड म्हणतात खरी, पण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा बाहेर ठेवण्याचा विचारच नको. शाळेत फ्रीज नसेल तर छोटी आइस बॅग आणि गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या न्याव्यात. घरी आल्यावर दूध फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवावे, दारात नव्हे. अमेरिकेच्या आरोग्य खात्याची सीडीसी ही संस्था फ्रीजमधल्या दुधाला ४ दिवसांची मुदत देते. आपल्याकडे वीज जाते, फ्रीजचे दार दिवसातून पन्नास वेळा उघडते, म्हणून आज काढलेले उद्या संपवणे हा नियम आम्हाला अधिक सुरक्षित वाटतो. सोमवारसाठी रविवारी सकाळी काढून ठेवावे. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा खोल थंड नसतो. त्यात दूध दोन आठवड्यांहून अधिक ठेवू नये. बर्फातून काढून वितळलेले दूध फ्रीजमध्ये २४ तासांत वापरावे, पुन्हा गोठवू नये.

आता घरातल्या मोठ्या बायकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे दूध उकळायचे नाही. गाई-म्हशीचे दूध आपण उतू जाईपर्यंत तापवतो, तो हात इथे आवरायचा आहे. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचे नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात दुधाचे भांडे बुडवून ठेवायचे, मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहायचा, एवढेच. फ्रीजमधल्या दुधावर सायीचा थर वेगळा दिसतो, खालचे पाणी निळसर दिसते. दूध फाटलेले नसते. भांडे हळू फिरवले की एकजीव होते. गोठवलेल्या दुधाला कधी साबणासारखा वासही येतो, तेवढ्यावरून ते फेकू नये. पण बाळाने तोंड लावलेले उरलेसुरले दूध मात्र दोन तासांनंतर देऊ नये.

पाजायला बाटली नको. बाटलीची चोखणी नीट साफ होत नाही, जुलाब होतात, आणि काही बाळे बाटलीला सोकावून आईच्या अंगावर पिणे सोडतात. आपल्या आज्यांचे बोंडले आठवते? चोच असलेले ते छोटे भांडे आजही डॉक्टरांना चालते. नाहीतर साधी वाटी-चमचा. बाळाला उभट धरून, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवून, त्याला स्वतः चाटू-पिऊ द्यावे. घशात ओतू नये. बाटल्या आणि दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या पावडरी यांच्या जाहिरातींवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, यावरूनच हा विषय किती गंभीर आहे ते कळावे.

पुरेसे मिळते आहे का, याची खूण साधी आहे. बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू करते, वजन वाढते आहे, जागेपणी चपळ आहे, तर सगळे ठीक आहे. वजन थांबले, शू कमी झाली, किंवा आईच्या छातीत लाल, दुखरी गाठ येऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गाठ आली म्हणून पाजणे बंद करू नये. दूध निघत राहणे हाच उपचाराचा भाग असतो.

हे काम एकट्या आईचे नाही

सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत बाळाला पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे, हे आपल्या घरोघरी माहीत असते. पण त्याच आयतीतील पुढचा भाग तितका सांगितला जात नाही. पाजणाऱ्या आईच्या अन्न-वस्त्राची जबाबदारी तिथे बापावर टाकली आहे. आईला तिच्या मुलामुळे आणि बापाला त्याच्या मुलामुळे त्रासात टाकू नये, असा आशय आहे. आणि दूध तोडायचे असेल तर ते दोघांच्या राजीखुशीने, आपसांत सल्लामसलत करून. म्हणजे बाळाचे दूध हा नवरा-बायकोने मिळून विचार करण्याचा विषय आहे. "ते बायकांचे काम" म्हणून बापाने अंग काढून घ्यावे, अशी जागा तिथे नाही.

मग बापाने काय करावे? पंपाचे भाग रात्री धुवून उकळून ठेवावेत. सकाळी बर्फाच्या पिशव्या बॅगेत भराव्यात. फ्रीजमधल्या भांड्यांच्या तारखा पाहाव्यात. दादीला शांतपणे समजावण्याचे कामही मुलाचे आहे, सुनेचे नाही. "शिळे दूध लेकराला देता?" हे वाक्य सुनेने ऐकले तर जखम होते, मुलाने ऐकले तर चर्चा होते. डॉक्टरांकडे जाताना दादीला सोबत न्यावे. मोठ्या माणसांना विचारले, त्यांना जबाबदारी दिली, की त्यांचा विरोध बहुधा मावळतो. नातवाला वाटीने दूध पाजणारी दादी ही या व्यवस्थेचा कणा आहे. तिला वगळून कुठलेही वेळापत्रक टिकत नाही.

रजाअतचा प्रश्न

आपल्या घरांत एक प्रश्न असा आहे जो डॉक्टरांच्या पुस्तकात नसतो. दूधाने नाते जुळते. प्रेषित (स.) यांच्या दूधआई हजरत हलीमा सादिया यांचे नाव आपण लहानपणापासून ऐकतो. दोन वर्षांच्या आतील बाळ ज्या बाईचे दूध पिते, तिची मुले त्याची दूधभावंडे होतात आणि त्यांचे आपसांत लग्न होत नाही. दूध अंगावर पाजले काय किंवा वाटीने पाजले काय, बहुतेक उलमांच्या मते नाते सारखेच जुळते.

एकत्र कुटुंबात दोन जावांची लहान मुले असतात, फ्रीज एकच असतो. एकीचे दूध चुकून दुसरीच्या बाळाला दिले गेले तर? हनफी मतानुसार थोडेसे दूधही पुरते. शाफई मतानुसार पाच वेळा पाजल्यावर नाते जुळते. आमच्या जुन्या नाशकात दोन्ही मतांची घरे शेजारी-शेजारी आहेत. म्हणून भांड्यावर तारखेबरोबर आईचे नाव लिहिणे ही केवळ नीटनेटकेपणाची बाब राहत नाही. पाळणाघरात दूध द्यायचे असेल तर नावाची पट्टी अधिकच जरूर आहे. आणि जाणूनबुजून, राजीखुशीने एका जावेने दुसरीच्या बाळाला पाजले, तर ते लपवू नये. लिहून ठेवावे, मोठ्यांना सांगावे. वीस वर्षांनी उपयोगी पडते.

दूधपेढीचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. आशियातील पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नांतून सुरू झाली. वेळेआधी जन्मलेल्या नाजूक बाळांसाठी अशा पेढ्यांचे दूध मोलाचे ठरते. पण तिथे दूध कुणाचे हे बाळाच्या घरच्यांना कळत नाही. जेद्दाहच्या इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये याच कारणाने दूधपेढ्यांना प्रतिकूल मत दिले. काही उलमांनी गरजेचा विचार करून वेगळे मतही मांडले आहे. अशी वेळ आली तर डॉक्टर आणि जाणकार आलिम या दोघांशी लगेच बोलावे, आणि बाळाचा जीव आधी पाहावा. या सगळ्यात एक गोष्ट दिलाशाची आहे: आई स्वतःचेच दूध काढून स्वतःच्याच बाळाला देते, तिथे यातला कुठलाच प्रश्न उभा राहत नाही.

आणखी दोन शंका भगिनी हळू आवाजात विचारतात. दूध काढल्याने वुजू तुटत नाही आणि आईचे दूध पाक आहे. डाग लागलेल्या कपड्यात नमाज होते. दूध काढल्याने रोजाही तुटत नाही. मात्र रोज्यामुळे आईच्या किंवा बाळाच्या प्रकृतीला धोका असेल तर पाजणाऱ्या आईला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. ती सवलत वापरणाऱ्या सुनेकडे घरात कुणी वाकड्या नजरेने पाहू नये.

शाळेत, कचेरीत, कारखान्यात

रायगडच्या हिरकणीची कथा आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात वाचली आहे. गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे बाळ, म्हणून ती कडा उतरून गेली, असे सांगतात. एसटीच्या स्थानकांवरील कक्षांना तिचेच नाव दिले आहे. पण तिच्या धाडसाचे कौतुक करताना आपण हे विसरतो की त्या रात्री दरवाजा उघडला असता तर तिला कडा उतरावा लागला नसता. आजच्या आईला कडे उतरायला लावू नये, दरवाजा उघडावा, एवढीच अपेक्षा आहे.

कायदा तिच्या बाजूने आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा आहे. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीखेरीज, रोज दोन वेळा बाळासाठी सुट्टी आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी ठेवल्या आहेत. कायद्याचा शब्द बाळाला पाजण्याचा आहे. बाळ घरी असेल तर तोच वेळ दूध काढण्यासाठी मागावा. पण कागदावर हक्क असला तरी विनाअनुदानित शाळेत महिन्याच्या मानधनावर काम करणारी तरुण शिक्षिका तो मागायला कचरते, हेही आम्ही जाणतो. "मागितला तर पुढच्या वर्षी ठेवणार नाहीत" ही भीती खोटी नाही.

म्हणून मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांना आमची विनंती आहे. फार काही लागत नाही. आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची, एक टेबल, जवळ नळ आणि साबण. शौचालय ही दूध काढण्याची जागा नव्हे. आपण आपला डबा तिथे उघडत नाही. आणि वेळापत्रक लावणाऱ्या शिक्षकाने जून महिन्यात एवढेच करावे की त्या शिक्षिकेची मोकळी तासिका मधल्या सुट्टीला चिकटून न देता दोन तास पुढे द्यावी. आमच्या हातात खडू-पेन्सिल घेऊन आम्ही हे कितीदा तरी करून पाहिले आहे. एका तासिकेची अदलाबदल असते, शाळेचे काहीही बिघडत नाही. तासिका सोडणारी सहशिक्षिका उद्या स्वतः आई होणार असते, किंवा होऊन गेलेली असते.

ज्या भगिनींची रजा संपत आली आहे त्यांनी या महिन्यात तीन भेटी उरकून घ्याव्यात. पहिली नवऱ्याशी: घरी कोण काय करणार हे कागदावर लिहून तो कागद फ्रीजच्या दारावर लावावा. दुसरी बाळाला सांभाळणाऱ्या दादी-नानीशी: वाटीने पाजण्याचा सराव आपल्यासमोर दोन-चार दिवस करून घ्यावा. तिसरी मुख्याध्यापिकेशी किंवा साहेबांशी: खोली आणि वेळ कामावर रुजू होण्याआधी ठरवून घ्यावी, नंतर नव्हे. पहिला दिवस शक्यतो आठवड्याच्या मध्यावर निवडावा, म्हणजे दोन-तीन दिवसांत सुट्टी येते आणि चुकलेले दुरुस्त करता येते.

जागतिक आरोग्य संघटना सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ आईचे दूध द्यायला सांगते. सहा महिन्यांनंतर बाळ खाऊ लागते, दूध काढण्याच्या वेळा हळूहळू कमी होतात, आणि हे धावपळीचे दिवस संपतात. आपण हे कसे जमवले, कुठे अडले, घरच्यांनी काय साथ दिली, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात सहा महिन्यांच्या बाळाच्या पहिल्या घासाबद्दल बोलू, इन्शा अल्लाह.